महापालिकेची शाळा खासगी हातात जाणार असेल तर... सही होण्याआधी पालकांनी विचारायचे सहा प्रश्न

“आपल्या मोहल्ल्यातली महापालिकेची शाळा आता बाहेरची संस्था चालवणार म्हणे.” कोंढवा असो, कॅम्प असो, काशेवाडी, येरवडा किंवा हडपसरचं सय्यदनगर, अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, “बरं झालं, आता तरी पोरं इंग्रजी बोलायला लागतील.” दुसरा म्हणतो, “झालं, शाळा विकली. उद्यापासून फी मागणार.” दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण शाळेचं पुढे काय होणार हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं. ते लिहिलेलं असतं करारात, आणि करार सहसा कोणी वाचत नाही.

म्हणून आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडतोय. सरकारी शाळा खासगी हातात देणं म्हणजे नेमकं काय, त्यात नफा कुठून येतो, जिथे हे प्रयोग झाले तिथे काय घडलं, आणि आपण पालक म्हणून काय विचारायचं, हे एकेक करून बघू.

आधी कायदा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार प्राथमिक शाळांची सोय करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे पैसे उरले तर शाळा चालवू, असं म्हणायची मुभा नाही. शिक्षण हक्क कायदा (आरटीई), 2009 ने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. याच कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला, देणगी मागायला आणि मुलाला शाळेतून काढून टाकायला बंदी घातली.

मग कोणी शाळा चालवून नफा कमवू शकतो का? सरळ मार्गाने नाही. टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं की, शाळेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, पण नफेखोरी चालणार नाही. म्हणून आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या संस्था बहुतेक ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात.

कायदा असा असला तरी राज्यातले धोरणाचे वारे गेल्या काही वर्षांत खासगीच्या दिशेने वाहताहेत. मुंबई महापालिकेने 2013 च्या सुरुवातीला आपल्या शाळा खासगी भागीदारीत चालवण्याचं धोरण पुढे आणलं आणि त्याला बराच विरोध झाला. 2017 मध्ये राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात दुरुस्ती करून कंपन्यांना शाळा काढायची वाट मोकळी केली. सप्टेंबर 2023 मध्ये तर एकाच महिन्यात दोन मोठे निर्णय आले. पहिला, नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी कर्मचारी घेण्याचा, ज्यात शिक्षकांची पदंही होती. लोक रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो सरकारला मागे घ्यावा लागला. दुसरा, शाळा दत्तक योजनेचा.

दत्तक योजनेबद्दल बराच गोंधळ आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. 18 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयानुसार कंपनी, संस्था किंवा एखादी व्यक्ती सरकारी शाळा 5 किंवा 10 वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेत 5 वर्षांसाठी 2 कोटी आणि 10 वर्षांसाठी 3 कोटी रुपये मूल्याची मदत करायची. मदत रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. बदल्यात देणगीदाराला आपलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. शाळेच्या कारभारात हात घालता येत नाही. म्हणजे दत्तक घेतलेली शाळा महापालिकाच चालवते. “दत्तक” ऐकून शाळा विकली गेली असं समजून मुलाचा दाखला काढू नका.

पुण्यात काय चाललंय

पुणे महापालिका मराठी, उर्दू, इंग्रजी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा चालवते. त्यातल्या काही शाळा भागीदारीत, म्हणजे पीपीपी पद्धतीने चालतात. यातलं सगळ्यात ओळखीचं नाव आकांक्षा फाउंडेशनचं. शाहीन मिस्त्री यांनी मुंबईत सुरू केलेली ही संस्था आधी वस्तीतल्या मुलांसाठी शिकवणी केंद्रं चालवायची. पुढे तिने मुंबई, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महापालिकांसोबत पूर्ण शाळाच चालवायला घेतल्या. ढोबळ रचना अशी: इमारत आणि मुलांच्या सरकारी सवलती महापालिकेच्या, तर मुख्याध्यापक, शिक्षक आणि रोजचं अध्यापन संस्थेकडे. संस्थेचा बराचसा खर्च देणग्या आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून भागतो. टीच फॉर इंडियाचे फेलो 2009 पासून पुण्यातल्या वर्गांत दोन-दोन वर्षांसाठी शिकवायला येतात, तोही याच प्रवाहाचा भाग.

या शाळांचं काम नाकारण्यासारखं नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेलची इंग्रजी शाळा आकांक्षासोबत चालते. ती 2022 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी पहिल्या दहांत निवडली गेली. घरकाम करणाऱ्या आयांची आणि रिक्षा चालवणाऱ्या अब्बूंची मुलं तिथे विनाशुल्क शिकतात.

पण लक्षात घ्या, ही संस्था ना-नफा आहे. तिचं यश दाखवून उद्या कोणी नफ्यासाठी आलेल्या कंपनीला शाळा द्यायला निघालं, तर ती तुलना चुकीची ठरेल. आणि ना-नफा भागीदारीतही एक प्रश्न उरतोच. देणगीदार थकला, सीएसआरची दिशा बदलली, करार संपला, तर शाळेचं काय? मुलाचं शिक्षण दहा वर्षांचं असतं आणि करार त्याहून छोटा असू शकतो.

नफा कुठल्या दाराने येतो

शाळेच्या दारावर “ना-नफा” अशी पाटी असली तरी पैसा बाहेर जायच्या वाटा बऱ्याच असतात. शाळा चालवणारा ट्रस्ट एक, पण त्याला “व्यवस्थापन सेवा” पुरवणारी कंपनी दुसरीच, आणि दोन्हीकडे माणसं तीच. पुस्तकं, गणवेश, टॅब, सॉफ्टवेअर, बस, सगळं ठरलेल्या एकाच पुरवठादाराकडून. खासगी शाळांत मुलं घालणाऱ्या पालकांना हा अनुभव नवा नाही. ठरावीक दुकानातूनच वह्या का घ्यायच्या, हा प्रश्न दर जूनमध्ये घराघरात विचारला जातो.

महापालिकेच्या शाळेत फी नसते. तिथे चालवणाऱ्याला पैसे मिळतात ते बहुधा दर मुलामागे, आणि मिळकत ठरलेली असल्यामुळे फायदा वाढवायचा तर खर्च कमी करावा लागतो. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांचा पगार. म्हणून अनुभवी शिक्षकांच्या जागी कमी पगारावर नवे येतात आणि वर्गात मुलं वाढतात. दुसरा खर्च अवघड मुलांचा. ज्याला वाचता येत नाही, ज्याला अपंगत्व आहे, जो बापासोबत वर्षातले चार महिने कामासाठी गावोगाव फिरतो, ज्या मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी थांबावं लागतं, अशा मुलांवर जास्त वेळ आणि जास्त माणसं लागतात. निकालही त्यांच्यामुळे खाली दिसतो. हिशेबाने चालणाऱ्याला अशी मुलं “परवडत” नाहीत.

आमच्या मते या सगळ्या चर्चेचा गाभा इथेच आहे. महापालिकेची शाळा मूल निवडत नाही. दारात जो येईल त्याला ती घेते. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे 25 टक्के एक तर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. म्हणजे जी मुलं नको म्हणून हळूच बाजूला केली जातात, त्यांत आपली मुलं असण्याची भीती जास्त.

फिलाडेल्फियाचा धडा

पडत्या सरकारी शाळा नफा कमावणाऱ्या कंपनीकडे द्यायचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत. फिलाडेल्फिया शहरातल्या शाळांची अवस्था वाईट होती, मुलं बहुतेक गरीब घरांतली. डिसेंबर 2001 मध्ये राज्य सरकारने शहराच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि 2002 मध्ये 40 हून जास्त शाळा बाहेरच्या संस्थांना चालवायला दिल्या. त्यातल्या 20 एकट्या एडिसन स्कूल्स या कंपनीला मिळाल्या. ही कंपनी शेअर बाजारात होती. शाळा हा मोठा धंदा होणार, असं गुंतवणूकदारांना वाटत होतं. या शाळांना दर मुलामागे जादा पैसेही देण्यात आले.

झालं उलटंच. 2001 मध्ये 30 डॉलरच्या वर असलेला कंपनीचा शेअर 2002 मध्ये एका डॉलरच्या खाली आला. 2003 मध्ये कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडली. मुलांचं काय झालं? रँड या संशोधन संस्थेने 2007 मध्ये अभ्यास मांडला. खासगी व्यवस्थापनाच्या शाळांतली प्रगती शहरातल्या बाकी शाळांपेक्षा वेगळी दिसली नाही. उलट, काही पडत्या शाळा शहराच्या शिक्षण खात्याने स्वतःकडेच ठेवून त्यांना जादा पैसा आणि मदत दिली होती. तिथे गणितात सुधारणा दिसली. 2008 मध्ये शहराने काही शाळा परत घेतल्या.

लायबेरिया: फायदाही, किंमतही

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. लायबेरिया सरकारने 2016 मध्ये 93 सरकारी शाळा आठ बाहेरच्या संस्थांना चालवायला दिल्या. काही ना-नफा होत्या, काही नफ्यासाठीच्या. त्यातली सगळ्यात मोठी वाटेकरी ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज ही नफ्यासाठी चालणारी कंपनी होती. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा निवडून तुलना केली, त्यामुळे निष्कर्षाला वजन आहे.

पहिल्या वर्षात या शाळांतल्या मुलांचं शिकणं साध्या सरकारी शाळांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त झालं. शिक्षक नियमित हजर राहू लागले. हा फायदा खरा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आली. खर्च नेहमीपेक्षा बराच जास्त झाला. आणि सगळ्यात मोठ्या कंपनीच्या करारात वर्गसंख्येवर मर्यादा घालायची आणि नको असलेले शिक्षक परत पाठवायची सोय होती. तिने ती वापरली. जादा मुलं आणि नको झालेले शिक्षक आजूबाजूच्या सरकारी शाळांकडे गेले. एका शाळेचा निकाल सुधारला, त्याचं ओझं शेजारच्या शाळेने उचललं.

यातली मोठी गोष्ट अशी की कंपनीने करार मोडला नव्हता. करारातच ते लिहिलं होतं.

उर्दू माध्यमाचं काय होणार

पुण्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पीपीपीच्या शाळा प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या असतात, कारण देणगीदारालाही तेच हवं असतं आणि पालकांनाही. आपल्यातल्या अनेक घरांत मोठा मुलगा उर्दू माध्यमात शिकला आणि धाकटी इंग्रजीत गेली. त्यात चूक काही नाही, मुलांचं भलं बघूनच आई-वडील ठरवतात.

पण क्रम बघा. उर्दू शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहते. विज्ञान किंवा गणित शिकवायला कोणी नसतं. पालक मुलं काढतात. पट घसरतो. मग पट कमी म्हणून तुकडी बंद होते, आणि त्याच इमारतीत नवी शाळा आली की सगळे म्हणतात, “उर्दूला मागणीच नाही.” मागणी संपली की संपवली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मराठी माध्यमाच्या महापालिका शाळांचीही हीच गत आहे, त्यामुळे हा फक्त आपला प्रश्न नाही.

राज्यघटनेच्या कलम 350अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून सोय करायला सांगितलंय. आरटीई कायदाही शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो. इंग्रजी शाळा येऊ दे, पण तिच्यासाठी उर्दू किंवा मराठीची तुकडी बंद होणार असेल तर ते आधी उघडपणे सांगायला हवं. आणि इंग्रजी शाळेत उर्दू किमान विषय म्हणून शिकवणार का, हेही.

सहा प्रश्न

तुमच्या शाळेबाबत असा प्रस्ताव आला तर हे सहा प्रश्न लेखी विचारा.

1. हे नक्की काय आहे? दत्तक योजना, पीपीपी, की फक्त शिक्षक पुरवायचं कंत्राट? तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

2. प्रवेश कोण देणार? आसपासच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला जागा मिळेल का, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही? आज शिकत असलेल्या सगळ्या मुलांना शाळेत ठेवणार, असं करारात लिहिलंय का?

3. पैसा कुठून येतो आणि कोणाकडे जातो? महापालिका दर मुलामागे काय देते? संस्था ज्यांच्याकडून वस्तू आणि सेवा घेते, त्यांच्याशी तिच्या विश्वस्तांचं नातं आहे का? हिशेब दरवर्षी जाहीर होणार का?

4. शिक्षक कोण? त्यांची पात्रता, पगार आणि नोकरीचा काळ काय? आरटीईनुसार पहिली ते पाचवीला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक हवा आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक. ते पाळलं जाणार का?

5. माध्यमाचं काय? आजची उर्दू किंवा मराठी तुकडी किती वर्षं चालेल?

6. करार संपला किंवा संस्था निघून गेली तर? दुसऱ्या दिवशी वर्ग कोण घेणार, सामान कोणाचं राहणार?

यातल्या एकाही प्रश्नाला “बघू”, “होईल” असं उत्तर आलं तर समजा, करारात ते लिहिलेलं नाही.

विचारायचं कुठे

पहिली जागा शाळा व्यवस्थापन समिती. आरटीईनुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं तिचं काम आहे. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. मुख्याध्यापक सह्या घेतात आणि बैठक झाली असं लिहितात. आपल्या अम्मी-आपांनी यात नाव द्यावं. चार आया नियमित बसल्या तरी बैठकीचा सूर बदलतो.

दुसरी वाट माहितीचा अधिकार. महापालिकेने केलेला करार हा सार्वजनिक कागद आहे. 10 रुपयांच्या अर्जावर त्याची प्रत मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एकच विषय घ्या आणि तो 150 शब्दांत बसवा.

तिसरी जागा आपला नगरसेवक. मार्च 2022 पासून काही वर्षं पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. जाब विचारायला माणूस नसला की करार किती शांतपणे होऊ शकतात, हे लक्षात ठेवायला हवं. मत मागायला येणाऱ्याला रस्ता आणि ड्रेनेजसोबत शाळेबद्दलही विचारा.

आणि एकट्याने लढायची गरज नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना आरटीईच्या 25 टक्के जागांतून सूट दिली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. गरीब घरांतल्या मुलांच्या जागा त्यामुळे वाचल्या.

शेवटी

पडती शाळा सुधारायला बाहेरचा माणूसच लागतो, असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा जिल्हा परिषदेची आहे. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून ती उभी केली आणि 2025 मध्ये तिने जागतिक स्तरावरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. पगार सरकारी, शिक्षक सरकारी, मुलं गावातली.

मुलींची शाळा 1848 मध्ये भिडेवाड्यात सुरू झाली ती याच शहरात. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यासाठी कायदेमंडळात विधेयक मांडलं. दोघांचं म्हणणं एकच होतं, की गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने घ्यावी. संस्था मदतीला आली तर तिचं स्वागत करू, चांगलं काम करत असेल तर शाबासकी देऊ. पण ही जबाबदारी महापालिकेचीच आहे आणि ती करारात लिहून कोणाला देऊन टाकता येत नाही.

तुमच्या शाळेत पुढची व्यवस्थापन समितीची बैठक कधी आहे, हे या आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारा. तारीख मिळाली की शेजारच्या दोन घरांना सांगा आणि सोबत जा.